'स्टार वॉर्स'मधल्या रेला काही न शिकताच एवढ्या शक्ती येतात, हे पटतं का?

रेच्या पहिल्या, २०१५च्या सिनेमापुरतं मला पटतं. पुढे कमी कमी पटत जातं, पण त्याचं कारण तुम्ही म्हणताय ते नाही.

तुमचा आक्षेप असा आहे की जक्कू ग्रहाच्या वाळवंटात भंगार वेचणारी मुलगी, फोर्सबद्दल, म्हणजे त्या विश्वातल्या अदृश्य शक्तीबद्दल, तिने फक्त दंतकथा ऐकलेल्या, आणि बघता बघता ती मिलेनियम फाल्कन हे यान उडवते, पहारेकऱ्याला नुसत्या शब्दांनी बेड्या काढायला लावते, वर शिकल्यासवरल्या खलनायकाला, कायलो रेनला, लाइटसेबरने म्हणजे प्रकाशाच्या तलवारीने हरवते. गुरू नाही, सराव नाही, मग हे आलं कुठून?

आधी आमच्याकडची एक गोष्ट सांगतो. माझं आजोळ देवबागला, एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला कर्लीची खाडी. मामा सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग टाकायचा. पाग म्हणजे गोल जाळं, काठाला शिशाचे मणी. दोरी डाव्या मनगटाला, थोडं जाळं कोपरावर, काठ दातात धरायचा, कंबरेतून वळायचं आणि सोडायचं. नीट सुटला तर हवेतच ताटासारखा गोल उघडतो आणि सगळे मणी एकदम पाण्यात पडतात. नाही सुटला तर ओल्या गोधडीसारखा गोळा होऊन 'धप्प'. मी दोन मे महिने गोधड्याच टाकल्या. दातात धरलेला काठ वेळेवर सोडला नाही तर काय होतं तेही अनुभवून झालं.

तिसऱ्या वर्षी मुंबईहून मावसबहीण आली, चौदा वर्षांची. दोन दिवस काठावर बसून बघत होती. मग म्हणाली, मला द्या. आणि पहिल्याच फेकीत पाग उघडला, पूर्ण गोल. वर चार शेवटे मासे लागले. मामा ओरडला, "ह्या चेडवान माझा नाक कापल्यान!" मी तर दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

दुसरी फेक अर्धवट उघडली. तिसरी धप्प. चौथी, पाचवी, सगळ्या धप्प. पहिल्या वेळी तिने फक्त बघितलेलं अंगातून सोडून दिलं होतं. दुसऱ्या वेळेपासून कुठलं बोट आधी सुटतं याचा विचार करायला लागली. मामा मात्र खूश. म्हणाला, "आता ता शिकाक लागला." ती शाळेत थाळीफेक करायची, हे आम्हाला नंतर कळलं. कंबरेतून वळणं तिला नवीन नव्हतंच.

आता २०१५चा सिनेमा या नजरेने बघा. फाल्कन उडवून झाल्यावर ती सांगते की आपण यानं चालवली आहेत, पण कधी ग्रहाबाहेर गेलेलो नाही. आणि उडवते तरी कशी? आधी जमिनीवर घासते, मग कमानीला धडकते. बेड्यांचा प्रसंग मला सगळ्यात खरा वाटतो. पहिल्यांदा ती पहारेकऱ्याला हुकूम सोडते, तो नुसताच बघत राहतो. पुन्हा प्रयत्न, तर तो उलट दम देतो. मग ती श्वास सावरून परत तेच म्हणते आणि मग कुठे जमतं. शिवाय ही युक्ती तिला सुचते कधी? कायलो तिच्या डोक्यात घुसून गेल्यावर. दार कुठे आहे ते त्यानेच दाखवलं, असं मी समजतो.

राहिलं शेवटचं द्वंद्व. कायलोच्या कुशीत रेच्या बाजूच्या च्यूबाकाचा बार बसलेला आहे. बर्फावर रक्त पडतंय, जखमेवर तो स्वतःच मुठी मारतोय. त्याआधी रेचा साथीदार फिन याच्याशी लढून खांद्यावरही घाव घेतलाय. आणि त्याला तिला मारायचं नाहीये, "तुला गुरू हवा" म्हणून तो तिला ओढू बघतोय. रेला लाठी चालवता येते हे सुरुवातीलाच बाजारात दाखवलंय आणि सेबर हातात आल्यावरही तिचे सुरुवातीचे वार लाठीने ढोसल्यासारखेच आहेत. म्हणजे थाळीफेक होतीच! तरी ती बराच वेळ मागे मागेच हटत असते.

(१९७७च्या मूळ सिनेमात त्याचा नायक ल्यूक याने यानातल्या यानात एका उडत्या गोळ्यासमोर थोडी तलवार फिरवली आणि पुढे डोळ्यासमोरचं यंत्र बंद करून शत्रूचा डेथ स्टार हा अवाढव्य तळ उडवून दिला. तेव्हा आपल्यापैकी कोणी हिशेब मागितला होता का? मीही नव्हता मागितला. मुलगी आली की मात्र आपण मार्कशीट बघायला लागतो. असो.)

शक्ती अचानक येण्याचं म्हणाल तर आम्ही जत्रेत रात्र रात्र दशावतार बघत मोठे झालो. तिथे राक्षसाला वर मिळतो तो एका वाक्यात, आणि कोणी हरकत घेत नाही. पण वराबरोबर अट येते. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. अट कळली की आपण सावरून बसतो, कारण आता ती मोडणार कुठे ते बघायचं असतं. रेच्या शक्तीला अशी अट शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. पुढच्या सिनेमांबद्दल माझी खरी तक्रार ही आहे.

त्यात २०१९च्या भागात तिचं कूळ काढलं. म्हणे ती पॅल्पटीनची, म्हणजे जुन्या सिनेमांतल्या दुष्ट सम्राटाची नात. २०१७मध्ये तिचे आईबाप कोणीच नव्हते, साधे भंगारवाले होते, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पण आपल्या गावातही हेच चालतं. एखादा पोरगा पखवाज बरा वाजवायला लागला की कट्ट्यावरचे म्हणणार, "अमक्याचो नातू मा तो, मगे त्याका येतलाच." झालं, त्या पोराची बोटं सुजली होती ते कोण बघतो!

त्याच भागात एक प्रसंग असा आहे की तिथे सगळं सुधारता आलं असतं. वाळवंटातून उडालेलं एक यान रे आणि कायलो दोन बाजूंनी फोर्सने ओढत असतात आणि तिच्या हातातून अचानक वीज निघते. यान फुटतं. आत च्यूबाका होता असं तिला वाटतं. तिच्या शक्तीने पहिल्यांदाच तिच्याच माणसाचा घात केला, तिचा पाग पहिल्यांदाच गोळा होऊन पडला. मी खुर्चीत पुढे सरकलो. आणि थोड्याच वेळात सिनेमा सांगतो की च्यूबाका दुसऱ्याच यानात होता, ठणठणीत आहे. तिथे माझा विश्वास उडाला.