अठरा पूर्ण होताना फाईल कोणाच्या हाती?

ऐरोलीच्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: "माझा मुलगा बारावीत आहे. त्याला जन्मतः स्पायना बिफिडा (मणक्याचा दोष) आहे, डोक्यात शंट (मेंदूतील जादा पाणी वाहून नेणारी नळी) आहे आणि लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा कॅथेटर (नळी) घालावा लागतो. येत्या दिवाळीत तो 18 वर्षांचा होईल, म्हणून मुलांच्या विभागातील डॉक्टरांनी मोठ्यांच्या ओपीडीत जायला सांगितले. तिथे उत्तर मिळाले, 'असे पेशंट आमच्याकडे फारसे येत नाहीत.' त्यातच मुलगा म्हणतो, 'आई, तू बाहेर थांब.' नातेवाईक म्हणतात, जिल्हाधिकाऱ्यांकडून पालकत्व घेऊन टाक. मी काय करू?"

ताई, पालकत्वाचा विचार आधी मनातून काढून टाका. नातेवाईक ज्याबद्दल बोलत आहेत ते पालकत्व 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार दिले जाते, आणि ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी आहे. तुमचा मुलगा बारावीचा अभ्यास करतो आणि स्वतःचे बरेवाईट जाणतो. दिव्यांग व्यक्तींना इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केले आहे. 18 पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही त्याचीच लागेल.

तो तुम्हाला बाहेर थांबायला सांगतो, याचे तुम्हाला वाईट वाटले असेल. तरीही थांबा. लघवी, शौच, लग्न, शरीरसंबंध यांविषयीचे त्याचे प्रश्न आईसमोर तोंडातून निघणार नाहीत, आणि त्याच्याशी एकट्याने बोलणे हे चांगल्या डॉक्टरांचे कामच आहे. शेवटची पाच मिनिटे तुम्हाला आत बोलवावे, एवढे त्याच्याशी आधी ठरवून घ्या.

आता ओपीडीतील त्या उत्तराविषयी. पूर्वी अशी बहुतेक मुले मोठी होईपर्यंत जगत नसत. शंट आणि दिवसातून ठरावीक वेळा कॅथेटर घालण्याची पद्धत आल्यापासून ती जगू लागली, पण मोठ्यांचे विभाग त्यांच्यासाठी अजून पुरेसे तयार झालेले नाहीत. ही उणीव रुग्णालयांची आहे, तुमची नव्हे. म्हणून जुन्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की पुढे मूत्रपिंड कोण पाहणार, शंट कोण पाहणार, आणि सगळे एकत्र ठेवणारा एक डॉक्टर कोण. तो ठाण्यातील किंवा ऐरोलीतील एखादा चांगला फिजिशियन असला तरी चालेल, कारण प्रत्येक तापाला परळचे मोठे रुग्णालय गाठणे कोणालाच जमत नाही. नव्या डॉक्टरांशी फोनवर बोलण्याची आणि पहिल्या भेटीनंतरही काही महिने शंका विचारू देण्याची विनंती जुन्या डॉक्टरांना अवश्य करा. मुलाला असे मध्येच सोडून देणे मला मान्य नाही.

जुन्या डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश लिहून घ्या. शंट कधी बसवला, कोणत्या बाजूला आहे, कधी बदलला, कॅथेटरचा आकार, चालू औषधे, मूत्रपिंडाची शेवटची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), लेटेक्सची ॲलर्जी आहे का. या मुलांमध्ये ही ॲलर्जी बरीच आढळते आणि साध्या रबरी हातमोज्यांनीही त्रास होऊ शकतो. तब्येत ठीक असतानाचा मेंदूचा स्कॅन मुलाच्या मोबाईलमध्ये हवाच. शंट बंद पडला की डोके दुखते, उलट्या होतात, गुंगी येते; रात्रीच्या कॅज्युअल्टीत याला ॲसिडिटी समजले जाऊ शकते, म्हणून "माझ्या डोक्यात शंट आहे" हे त्याचे पहिले वाक्य असले पाहिजे, आणि तुलनेला जुना स्कॅन हाताशी असला पाहिजे. मूत्रपिंड मात्र न दुखता बिघडत जाते. तपासण्या सुटण्याचा धोका याच दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो, म्हणून पुढची तारीख मुलानेच घेऊ द्या.

कॅथेटर तो स्वतः घालतो का, हे तुम्ही लिहिलेले नाही. घालत नसेल तर दिवाळीची वाट न पाहता, मुलांच्या विभागातील सिस्टरकडून त्याला आत्ताच शिकवून घ्या, कारण त्या त्याला लहानपणापासून ओळखतात आणि त्यांच्यासमोर त्याला संकोच कमी वाटेल.