पोट आवळायचं ऑपरेशन आणि गणपतीची घाई

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 39, दोन्ही बाळंतपणं सिझरची. वजन उतरवलं तरी बेंबीखालचं पोट लोंबतंच. मुंबईच्या जाऊबाई म्हणतात टमी टक करून घे, चार दिवसांत घरी. जुलैअखेर केलं तर गणपतीत मोदकांना उभी राहीन ना? (वाचक, गुहागर)

उत्तर: जाऊबाईंचं अर्धं खरं आहे ताई, हॉस्पिटलातून एक-दोन दिवसांत सोडतात, पण खरं काम सुरू होतं ते त्यानंतर, घरी.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, साधारण दोन ते चार तास. खाली या कमरेपासून त्या कमरेपर्यंत छेद घेतात, जास्तीची कातडी कापून टाकतात, गरोदरपणात फाकलेले पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि बेंबी नवीन जागी बसवतात. सिझरची खूण बहुतेकदा त्या कातडीबरोबरच जाते, पण तिच्या जागी लांबलचक नवी येते, ती वर्ष-दीड वर्षात फिकी पडते, पुसली मात्र जात नाही.

पहिला आठवडा वाकूनच चालायचं, सरळ व्हायला गेलात की ताण येतो, शिंक आली तर पोटाशी उशी घट्ट धरायची. आत साठणारं पाणी काढायला बरेचदा ड्रेनच्या नळ्या ठेवतात. बेंबीखाली बधिरपणा महिनोन् महिने राहतो, घाबरू नका. सहा आठवडे पोटाला पट्टा (आपल्याकडच्या घामात तो किती छळतो हे मे महिन्यात कळतं!) आणि तेवढेच दिवस जड काही उचलायचं नाही, म्हणजे विहिरीवरची कळशी नाही, सिलिंडर नाही, विळीवर बसून नारळ खोवणंही नाही. मग गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तुम्हाला बसून राहू देणारे का कोणी? मी तर म्हणेन गणपती उरकू द्या, दिवाळीनंतर करा, आणि सर्जनला तारीख विचारायच्या आधी घरी विचारा की दीड महिना चूल कोण सांभाळणार.

मुंबईत केलंत तर ड्रेन निघेपर्यंत तिथेच राहा. लगेच सहा-सात तास गाडीत बसून आलात तर पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, म्हणूनच ऑपरेशननंतर लवकर चालवतात. एकच पोटरी सुजली-दुखली किंवा एकाएकी दम लागला तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

मशेरी लावत असाल तर निदान चार आठवडे आधी बंद, आणि हे सर्जनपासून लपवू नका, निकोटीनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम काळी पडू शकते. तिसरं मूल हवं असेल तर ऑपरेशन आत्ता नकोच. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, पाहा. विमा कंपनी सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनचे पैसे सहसा देत नाही, बेंबीला हर्निया असेल तर त्या भागापुरतं विचारून बघा.

प्रश्न: माझं पोट सुटलंय, पण कडक आहे, चिमटीत येत नाही. मलाही हेच करता येईल? (वाचक, मालवण)

उत्तर: नाही. तुमची चरबी आत आतड्यांभोवती आहे, तिथे ना टमी टक पोचत ना लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं). आधी साखर आणि बीपी तपासून घ्या, संध्याकाळची दारूची बैठक कमी करा, आणि भात निम्मा.