जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसेल का? दोन्ही मशीनं ‘नाही’ म्हणतात

निपाणीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: तंबाखूच्या वखारीत हिशेबाला इंटेलच्या आय५-३४७० प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, टॅली आणि बँकेचं काम त्यावरच. घरी मुलीसाठी जोडून घेतलेला आय३-८१००, रॅम ८ जीबी. दोन्हीवर विंडोज १०. विंडोज ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं तर दोन्हीकडं नकार आला. दुकानदार म्हणतोय, दोन्ही काढून टाका.

थांबा, निदान मुलीचा तरी काढू नका. दोन्ही मशीन ‘नाही’ म्हणालीत, खरं दोघांच्या नकाराची कारणं वेगळी असणार. एकाचं दुखणं जन्माचं आहे, दुसऱ्याचं बहुतेक एक बटण बंद असल्याचं.

मी खानापुरात ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवतो. इंजिनिअर नाही. मराठी-कन्नड लग्नपत्रिका करता करता मशीन उघडायची सवय लागली, एवढंच. तेव्हा माझं बोलणं दुकानातल्या अनुभवाचं समजा.

आधी प्रोसेसरचा नंबर वाचायला शिका, निम्मं काम तिथंच होतं. आय५-३४७० मध्ये डॅशनंतरचा ३ म्हणजे तिसरी पिढी, २०१२ ची. आय३-८१०० मधला ८ म्हणजे आठवी. दहावीपासून पुढं दोन आकडे धरायचे, म्हणजे १०४०० ही दहावी. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असेल तर साधारण रायझन २००० पासून पुढं. इंटेलच्याच सेलेरॉन, पेंटियमला हा आकड्यांचा हिशोब लागू होत नाही, तिथं मायक्रोसॉफ्टची यादीच बघावी लागते. बाकी अटी सोप्या आहेत: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालवू शकणारं यूईएफआय (मशीन सुरू करणारं मदरबोर्डावरचं नव्या पद्धतीचं सॉफ्टवेअर). रॅम आणि डिस्क बाजारात मिळते. प्रोसेसरची पिढी मिळत नाही, कारण आठव्या पिढीचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डात बसतच नाही. म्हणून वखारीतल्या मशीनला जो नकार आलाय तो खरा आहे.

आता मुलीच्या मशीनकडं या, कारण इथं तुमचे पैसे वाचण्यासारखे आहेत. आय३-८१०० यादीत आहे. मग नकार कशाला? विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, ‘टीपीएम डॉट एमएससी’ (tpm.msc) टाइप करा. टीपीएम सापडत नाही असं आलं तर घाबरू नका. आठव्या पिढीत टीपीएम वेगळा विकत आणावा लागत नाही, तो इंटेलच्या पीटीटी नावानं आतच असतो. जोडलेल्या मशीनमध्ये तो बऱ्याचदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंदच ठेवलेला असतो. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, पीटीटी शोधा, चालू करा. एएमडीमध्ये ह्यालाच एफटीपीएम म्हणतात.

दुसरी अडचण बूटची. तसंच ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) उघडून ‘बायोस मोड’ समोर काय लिहिलंय बघा. ‘लेगसी’ असेल तर विंडोज जुन्या पद्धतीनं बसवलेली आहे, आमच्याकडं जोडून मिळालेल्या मशीनमध्ये हे सर्रास बघायला मिळतं. इथं एक चूक लोक हमखास करतात: तडक बायोसमध्ये जाऊन यूईएफआय करतात आणि मग मशीन उठतच नाही. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटी पद्धतीवर न्यावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ (mbr2gpt) नावाचं साधन आहे. आधी त्याच्यानं तपासणी करायची, मग बदल, आणि त्यानंतरच बायोसमधून यूईएफआय आणि सिक्युअर बूट. फाइल बहुतेक सुरक्षित राहतात. खरं ‘बहुतेक’वर विसंबून मुलीचे प्रोजेक्ट आणि लग्नाचे फोटो ठेवू नका, बाहेरच्या डिस्कवर कॉपी काढून मगच हात लावा. एवढं झाल्यावर हेल्थ चेक परत चालवा. माझ्या अंदाजानं तो होकार देईल.

आता कुणीतरी तुम्हाला सांगणारच, ‘अहो, जुन्यावर पण बसतंय की, मी बसवून देतो.’ बसतंय, खोटं नाही. अट चुकवून विंडोज ११ बसवायचे मार्ग आहेत. ह्या ‘बसतंय’मध्ये मी फसलो ते सांगतो. २०२३ मध्ये दुकानासाठी बेळगावातून एक सेकंडहँड मशीन घेतलं. दुकानदारानं चालू करून दाखवलं, स्क्रीनवर विंडोज ११, सगळं चकाचक. मी खुशीत गाडीवर बांधून आणलं. आत निघाला आय५-६५००, म्हणजे सहावी पिढी, अट चुकवून बसवलेलं. काम मात्र सुरळीत चालत होतं, त्यामुळं वर्षभर मला पत्ताच नाही. त्यावरची आवृत्ती २२एच२ होती. तिचा घरगुती वापरासाठीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, ८ ऑक्टोबर २०२४ ला संपला, आणि पुढची आवृत्ती अशा मशीनला आपोआप दिलीच जात नाही. ग्राहकांची बँक पासबुकं, आधारचे नंबर ज्या मशीनवर उघडत होतो, त्याला सुरक्षेचे अपडेट बंद पडून दोन महिने झाले होते. मला कळलं ते दुसऱ्याच कामासाठी सेटिंग उघडलं तेव्हा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय: बसणं वेगळं, चालणं वेगळं आणि अपडेट येत राहणं वेगळं. दुकानदार पहिल्या दोन्हीची खात्री देतो, तिसऱ्याचं विचारल्याशिवाय बोलत नाही. सेकंडहँड घेताना स्क्रीनवरचं विंडोज ११ बघून भुलू नका, स्वतः प्रोसेसरचा नंबर वाचा. (इंटेलच्या फार जुन्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरच्या काळातलं काही असेल तर तो नादच सोडा. २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरला ज्या आज्ञा (इन्स्ट्रक्शन) कळाव्या लागतात त्या त्यात नाहीतच, त्यामुळं चोरवाटेनंही मशीन सुरू होत नाही.)

मग वखारीतल्या मशीनचं काय? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. खरं घरगुती वापराच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं; सेटिंगचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. बँकेचं काम करता ना, मग हे आज संध्याकाळीच करून टाका.

मशीन हळू आहे असं तुम्ही लिहिलंय. ते विंडोजमुळं कमी आणि फिरत्या हार्ड डिस्कमुळं जास्त. त्याजागी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क टाका. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावरसुद्धा फरक असा पडतो की माणूस विचारतो, मशीन बदललं काय? रॅमवर मात्र हात आखडता घ्या. तुमच्या मशीनला डीडीआर३ लागते, ती पुढच्या मशीनला चालणार नाही. सेकंडहँड ४ जीबीची एक काठी मिळाली तर टाका, नवी महाग घेऊ नका. एसएसडी उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येते, म्हणून तिच्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

अजून एक, कारण हे आमच्याकडं दर पावसाळ्यात घडतं. लाईट सारखी जाते-येते, मशीन रात्रभर बंद, आणि सकाळी ग्राहक येतो: ‘एकही साइट उघडत नाही, विंडोज जुनी झाली, नवीन घाला.’ बघायला गेलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डावरचा सीआर२०३२ चा सेल संपलेला असतो, घड्याळ मागं गेलेलं असतं, आणि तारीख चुकली की ब्राउझर साइटचं सुरक्षेचं प्रमाणपत्रच मानत नाही. काम तीस-चाळीस रुपयांच्या सेलचं, आणि माणूस पंचवीस हजारांच्या मशीनच्या गोष्टी करतोय.

लिनक्सचं, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचंही तुम्ही विचारलंय. माझ्याकडच्या फसलेल्या मशीनवर आता त्यातलाच एक प्रकार, लिनक्स मिंट आहे. अर्ज भरायला, पीडीएफ छापायला काही अडत नाही. तुमच्या वखारीत मात्र मी सांगणार नाही, कारण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. माझ्याकडच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या मशीनलाही विंडोजच लागतं, म्हणून ते एक काम मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवलंय. पुढच्या वर्षी वखारीला आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशीन आलं की तुमच्या ३४७० वर मिंट टाकून बघा, पत्रं आणि बिलं काढायला चालेल. फक्त आधी पेनड्राइव्हवरूनच चालू करा, हार्ड डिस्कला हात न लावता, आणि तुमच्या जुन्या लेझर प्रिंटरवर एक पान छापून बघा. माझ्याकडं सुरुवातीला बाकी सगळं चाललं होतं, अडलं ते प्रिंटरवरच.