लेन्स बदलली तरी ठिपका तिथेच

प्रश्न : डीएसएलआरने काढलेल्या आकाशाच्या फोटोंत पुसट काळे ठिपके येतात. लेन्स बदलली तरी जागा तीच. घरी काही करता येईल?

उत्तर : धूळ सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर आहे. एफ/२२ला (लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून ठिपके मोजून ठेवा. औषधाच्या दुकानातला कान धुण्याचा नवा रबरी फुगा घ्या. आत भुकटी असू शकते, म्हणून धुऊन दोन दिवस खडखडीत वाळवा. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर सेन्सरसमोरचा आरसा मध्येच खाली येतो. लेन्स काढा, मेनूतून आरसा वर करा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे ठेवा आणि फुग्याचं टोक आत न घालता आठ-दहा झोत मारा. फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो. तोंडाने फुंकर मात्र कधीच नको, थुंकीचा कण वाळून चिकटतो. पुन्हा भिंतीचा फोटो काढून बघा.