‘नाही’ म्हटलं तर मी ख्रिस्ती कसली?

नगरमधल्या ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बायकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करायची हे मान्य. पण किती? नाही म्हटलं तर प्रभूला काय तोंड दाखवू?” निवृत्त शिक्षिका विचारतात, नर्स विचारतात. पाळकांच्या पत्नी तर हमखास विचारतात. त्यांच्या घराचं दार चर्चच्या मंडळीला आपलंच वाटतं.

त्यांच्यापैकी एकीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या या बाईंना अख्खी कॉलनी सिस्टर म्हणते, मीही तेच म्हणेन. शेजारच्या काकू अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा पुण्यात. सुरुवात इन्शुलिनच्या इंजेक्शनपासून झाली. मग डबा, मग अंघोळ, मग रात्रीची हाक. इकडे सिस्टरांच्या यजमानांचं पथ्य सुटलं होतं आणि सिस्टरांची झोप उडाली होती.

आमचं बोलणं चालू असतानाच मांडीवरचा मोबाईल वाजला. सिस्टरांनी चष्मा वर करून मेसेज मला वाचून दाखवला. काकूंच्या मुलाचा होता. ‘सिस्टर, आईचे डायपर संपलेत. येताना आणता का? नंतर जीपे करतो.’

“करतो का जीपे?”

“कधी करतो, कधी विसरतो. मागायचं कसं? सेवा आहे ना ती.”

“काल काकूंशी कशा वागलात?”

बराच वेळ त्या बोटातली अंगठी फिरवत राहिल्या. “चादर बदलताना त्यांनी माझा हात धरला. मी झटकला. पेशंटचा हात आयुष्यात कधी झटकला नव्हता, मॅडम.”

या कामात मला उमगलेली एक गोष्ट इथे सांगते. थकलेल्या माणसाची करुणा आटलेली नसते, ती रागाखाली दबलेली असते. आणि राग बहुधा भलत्यावरच निघतो. सिस्टरांचा राग पुण्याच्या मुलावर होता, सोसला काकूंनी. समुपदेशनातलं माझं घराणं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचं. समोरची परिस्थिती छळते त्याहून जास्त आपण स्वतःवर घातलेली सक्ती छळते, असं मी मानते. सिस्टरांची सक्ती शास्त्रातून आलेली होती, म्हणून मी त्यांना त्यांचंच बायबल उघडायला लावलं. एलिस पक्का नास्तिक होता, पण एवढं त्याने चालवून घेतलं असतं.

लूक, अध्याय 10, चांगल्या शोमरोन्याचा दाखला. लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला बघून याजक आणि लेवी हे देवळातले दोघे बाजूने निघून जातात, थांबतो तो परका शोमरोनी, ही येशूने सांगितलेली गोष्ट. सिस्टरांनी संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षं शिकवलेला. मी म्हटलं, “अर्थ सांगू नका. तो काय काय करतो तेवढंच ओळीने सांगा.”

“जवळ गेला. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या. आपल्या जनावरावर बसवलं. उतारशाळेत आणलं, काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याला दोन दिनार दिले, याच्याकडे बघा म्हणाला.”

“मग?”

“मग...” बोट ओळीवरच थांबलं. “मग तो गेला.”

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला जमतं. सिस्टरांनी ती ओळ परत वाचली आणि जरा भांडणाच्याच सुरात म्हणाल्या, “पण परत येईन म्हणाला होता!”

“तुम्ही तरी कुठे कायमच्या निघालात?”

त्यावर त्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

शोमरोन्याने हात आखडता घेतला नाही. दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे दोन दिवसांची कमाई त्याने अनोळखी माणसासाठी दिली. पण स्वतःचा प्रवास रद्द केला नाही आणि उतारशाळेवाल्याचं काम त्याच्याकडेच सोपवलं. बायबलमध्येच पुढे, प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 मध्येही तेच दिसतं. विधवांच्या रोजच्या वाटपात हेळसांड होते अशी तक्रार आली, तेव्हा मंडळीचे पुढारी असलेले बारा प्रेषित स्वतः वाढायला उभे राहिले नाहीत. सात जणांची निवड करवून घेतली. (याचा आधार घेऊन काखा वर करणारेही मला भेटतात. त्यांना मी बाजूने निघून गेलेल्या याजकाची आणि लेव्याची आठवण करून देते.)

पुढचं काम रोकडं होतं. मुलाला काय सांगायचं ते आम्ही कागदावर लिहिलं. ‘दोन्ही वेळचं इंजेक्शन मी देईन. अंघोळ आणि डायपरसाठी बाई ठेवा. रविवारची सोय तुम्ही बघा.’ कारणं नाहीत, माफी नाही. कारणं दिली की समोरचा एकेक कारण खोडत बसतो. मुलगा आठवडाभर घुम्यासारखा वागला, मग ब्यूरोतून मावशी आल्या. मंडळीतल्या दोघीजणींनी रविवारचं इंजेक्शन शिकून घेतलं. सिस्टरांनी आजवर त्यांना विचारलंच नव्हतं. आता दुपारी सिस्टर काकूंजवळ नुसत्या बसतात, स्तोत्र वाचतात.

तुमचीही अशीच गत असेल, तर ‘जमेल तेवढं करते’ असं मोघम बोलू नका. काम आणि वेळ ठरवून सांगा. आणि पहिल्या नकारानंतर जीव खाणारी टोचणी लगेच जात नाही, हे धरून चाला. ती टोचते म्हणून उलट फोन करून शब्द मागे घेऊ नका. सिस्टरांनी मोकळ्या मिळालेल्या पहिल्याच रविवारी उपासनेत दोनदा मोबाईल काढून बघितला. मला विचारलं, “हे चुकलं का?” मी म्हटलं, “बघा की खुशाल. फक्त उठून जाऊ नका.”