एकच पावडर, तेवढीच जाडी, तरी दोन ठिकाणचं थर्मल स्प्रे कोटिंग वेगळं का निघतं?

तुमचा प्रश्न असा आहे: पंपाच्या स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्हवर, म्हणजे शाफ्टवर चढवायच्या नळीवर, टंगस्टन कार्बाइडचं थर्मल स्प्रे कोटिंग (पावडर तापवून जोरात फवारून बसवलेला थर) दोन ठिकाणी करून घेतलंत. पावडर दोघांची एकच, ८६ टक्के टंगस्टन कार्बाइड, १० टक्के कोबाल्ट आणि ४ टक्के क्रोमियम. जाडीही तेवढीच. एकाने ते एचव्हीओएफने मारलं, म्हणजे इंधन आणि ऑक्सिजनच्या वेगवान ज्वाळेने, दुसऱ्याने प्लाझ्माने, म्हणजे विजेच्या आर्कने तापवलेल्या वायूने. एचव्हीओएफवाल्याचं अजून टिकून आहे, प्लाझ्मावाल्याच्या धारेवरून मात्र दोन महिन्यांत खपल्या निघाल्या. मग पावडर तीच असताना आतली रचना वेगळी कशी?

पुण्याजवळच्या एका कोटिंग शॉपच्या तपासणी खोलीत मी अकरा वर्षं काढली. जॉब, म्हणजे कोटिंग केलेला भाग, कापायचा, एपॉक्सीत बसवायचा, आरशासारखा घासायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा, हे माझं काम. म्हणून उत्तरही कापलेल्या तुकड्यात काय दिसतं तिथूनच देते.

गावाकडे भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या पाहिल्या असतील. ओल्या शेणाचा गोळा भिंतीवर बसला की चपटा होतो, कड जराशी उचललेली राहते. दुसरी गोवरी तिच्यावर अर्धवट चढली तर दोघींच्या मध्ये हवेची फट राहते. थर्मल स्प्रेचं कोटिंग म्हणजे अशा लाखो गोवऱ्यांची चळत. फक्त इथला गोळा केसापेक्षा बारीक असतो आणि वेग बंदुकीच्या गोळीच्या जवळ जाणारा. आम्ही एकेका चपट्या थेंबाला स्प्लॅट म्हणतो. ३० मायक्रॉनचा पूर्ण वितळलेला कण आदळला की त्याची शंभर-सव्वाशे मायक्रॉन रुंद आणि जेमतेम मायक्रॉन-दीड मायक्रॉन जाड चकती होते.

हे सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी संपतं. कण चपटा व्हायला साधारण एक मायक्रोसेकंद, गोठायला आणखी काही मायक्रोसेकंद. त्याच जागी पुढचा कण येईपर्यंत आधीचा केव्हाच घट्ट झालेला असतो. वेल्डिंगमध्ये जसा वितळलेल्या धातूचा एक डबका तयार होतो आणि तो एकत्र गोठतो, तसं इथे कधीच होत नाही. प्रत्येक थेंब एकटा येतो, एकटा गोठतो. त्यामुळे थेंब आदळताना किती गरम होता, किती वेगात होता आणि कशावर पडला, एवढ्यावरच तुमच्या कोटिंगची रचना ठरते. पावडरच्या डब्यावरचं लेबल यातलं काहीच सांगत नाही.

आता तुमच्या कार्बाइडकडे येऊ. हा पदार्थ चिक्कीसारखा समजा. कार्बाइडचे बारीक खडे म्हणजे शेंगदाणे, कोबाल्ट-क्रोमियम म्हणजे गूळ. आपल्याला गूळ पातळ व्हायला हवा, दाणे जसेच्या तसे राहायला हवेत. कोबाल्ट १४९५ अंशांना वितळतो, कार्बन सोबत असेल तर त्याच्याही आधी नरम पडतो. एचव्हीओएफच्या नळीत केरोसीन किंवा प्रोपेनसारखं इंधन ऑक्सिजनबरोबर जळतं. ज्वाळा तीन हजार अंशांच्या आसपास असते, पण कण तिच्यातून इतक्या झपाट्याने निघून जातो, ५०० ते ७०० मीटर प्रति सेकंद, की दाण्यांना पोळायला वेळच मिळत नाही. अर्धवट मऊ झालेला कण जोरात आदळतो, पूर्ण वितळलेल्या थेंबासारखा पसरत नाही, पण दाबून बसतो. मागून येणारे कण त्याला हातोडीसारखे ठोकत राहतात. अशा कोटिंगमध्ये छिद्रं एक टक्क्याच्या आत राहतात आणि व्हिकर्स कडकपणा हजार ते तेराशेच्या घरात मिळतो.

प्लाझ्मा गनमध्ये टंगस्टनचा कॅथोड आणि तांब्याची नोझल यांच्यात आर्क पेटवलेला असतो, त्यातून आर्गॉन आणि हायड्रोजन सोडतात. मधल्या भागाचं तापमान दहा हजार अंशांच्या वर जातं. कणाचा वेग एचव्हीओएफच्या निम्म्याहून कमी, म्हणजे शेकोटीजवळ थांबण्याचा वेळ जास्त. भोवतालची हवाही ज्वाळेत ओढली जाते. मग दाण्यांमधला कार्बन जळून निघून जातो. काही टंगस्टन कार्बाइडचं डब्ल्यू-टू-सी, म्हणजे निम्मा कार्बन गमावलेलं कार्बाइड, होतं, फारच तापलं तर शुद्ध टंगस्टनसुद्धा तयार होतो, उरलेलं गुळात विरघळून त्याला काचेसारखा ठिसूळ करतं. चिक्कीचा पाक जळला की कशी कडू आणि तडतडीत होते, तसंच. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये, म्हणजे कोटिंगमध्ये कोणते स्फटिक आहेत ते ओळखणाऱ्या चाचणीत, डब्ल्यू-टू-सीचे उंच शिखर दिसले की त्या भट्टीत काय झालं ते मला वेगळं विचारावं लागत नसे.

यावरून प्लाझ्मा वाईट असं मात्र समजू नका. झिर्कोनिया हे सिरॅमिक २७०० अंशांच्या आसपास वितळतं, तिथे एचव्हीओएफची ज्वाळा अपुरी पडते. क्रोमियम ऑक्साइड, अॅल्युमिना, झिर्कोनिया ही प्लाझ्माची कामं. जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात झिर्कोनियाचं कोटिंग मुद्दाम दहा-पंधरा टक्के सच्छिद्र ठेवतात, कारण तिथे त्या आडव्या फटीच उष्णता अडवतात. भरीव झिर्कोनियाच्या साधारण निम्मी उष्णताच त्यातून जाते. तुमच्या स्लीव्हवर तीच फट शाप ठरते, पंपाचं पाणी तिच्यातून खाली स्टीलपर्यंत पोचतं.

स्प्लॅट एकमेकांवर बसले म्हणजे सगळीकडे चिकटले, असंही नाही. संशोधकांनी सिरॅमिक कोटिंगच्या फटींमध्ये तांबं इलेक्ट्रोप्लेट करून बघितलं, म्हणजे जिथे तांबं शिरलं तिथे जोड नव्हता. खरा चिकटलेला भाग सुमारे एक तृतीयांशाच्या आतच भरला. बाकी नुसते एकावर एक टेकलेले पापुद्रे.

अॅल्युमिनाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच्या स्फटिकांची अल्फा आणि गॅमा अशी वेगवेगळी रूपं असतात. पावडरमध्ये तो अल्फा रूपात असतो, कोटिंगमध्ये बहुतेक गॅमा होऊन बसतो. थेंब सेकंदाला दहा लाख अंश किंवा त्याहून जास्त वेगाने थंड होतो आणि अशा घाईत गॅमाचं बीज आधी धरतं. कोटिंगमध्ये अल्फा सापडला तर बहुधा तो कणाच्या न वितळलेल्या गाभ्याचा. म्हणजे किती पावडर कच्ची राहिली याचा हिशेब कोटिंग स्वतःच लिहून ठेवतं!

कण कच्चा का राहतो याची कारणं साधी आहेत. पावडरमध्ये बारीक-जाड कणांची भेसळ जास्त असेल तर जाड कण गाभ्यात कच्चे राहतात आणि बारीक कण जळून नोझलला चिकटतात. ते साठत साठत एक गोळी होऊन जॉबवर आदळते. पावडर फार वेगाने सोडली तर ज्वाळा दमते. गन फार लांब धरली तर कण वाटेतच थंड होतो, फार जवळ धरली तर जॉब तापतो. प्लाझ्मासाठी दहा-बारा सेंटिमीटर, एचव्हीओएफसाठी तीसच्या आसपास, हे बहुतेकांचं ठरलेलं अंतर. गन सरळ नव्वद अंशात हवी. पंचेचाळीसच्या खाली गेलात की आधीच्या उंचवट्याच्या सावलीत कण पोचत नाही आणि तिरप्या छिद्रांची रांग लागते.

आता थेंब कशावर पडतो ते बघू. लोक गनच्या किमतीवर तासभर बोलतात आणि ब्लास्टिंगवर, म्हणजे स्प्रेआधी हवेच्या जोराने कडक कण (ग्रिट) मारून पृष्ठभाग खडबडीत करण्यावर, दोन मिनिटं, हे मला आजवर कळलेलं नाही. पाट्याला टाकी लावून खडबडीत केल्याशिवाय वाटण वाटलं जात नाही, तसा जॉब अॅल्युमिनाच्या ग्रिटने खडबडीत केल्याशिवाय स्प्लॅट धरत नाही. खड्ड्यांच्या कडांना थेंब गुंडाळून बसतो आणि आकसताना घट्ट पकडतो. थर्मल स्प्रेची बरीचशी पकड ही अशी अडकण्याचीच असते. ग्रिट बोथट झाला, की पृष्ठभाग दिसतो राखाडी आणि छान, पण खड्डे गोल गुळगुळीत होतात आणि पकड जाते. मीटर लावला तर खडबडीतपणाचा आकडा बऱ्यापैकी येतो, म्हणून फसगत होते.

तापमानाचं आणखी एक नाजूक काम आहे. थंड, दमट पृष्ठभागावर वितळलेला थेंब गोल चकतीसारखा बसत नाही, पाण्याच्या थेंबासारखा फुटून बोटं पसरतो. त्याला स्प्लॅश म्हणतात. पृष्ठभाग ठराविक तापमानाच्या वर, बहुतेक धातूंसाठी शंभर ते तीनशे अंशांच्या दरम्यान कुठेतरी, गेला की अचानक नीट गोल चकत्या पडायला लागतात. जपानी संशोधकांनी याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. पृष्ठभागावर बसलेली ओल आणि इतर वाफा उडून जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण.

ओलीची गोष्ट मी स्वतः भोगली आहे. एका जुलैत आमच्या शॉपमधल्या कॉम्प्रेसरचा ड्रायर बिघडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. ब्लास्टिंगच्या हवेबरोबर पाण्याची वाफ जॉबवर बसत होती. वर ब्लास्ट केलेले शाफ्ट जेवणाच्या सुट्टीभर तसेच पडून राहिले. स्प्रे नेहमीसारखाच झाला, सेटिंग तेच, ऑपरेटर तोच. ग्राइंडिंगला गेल्यावर कोटिंग पापडासारखं उचललं गेलं. मी तुकडा कापला तर कोटिंग स्वतः झकास होतं, खालच्या रेषेवर मात्र ऑक्साइडची सलग काळी रेघ. त्या महिन्यात मालकांनी माझ्या खोलीत जितक्या फेऱ्या मारल्या तितक्या वर्षभरात मारल्या नव्हत्या.

तुमच्या खपल्या धारेवरूनच निघाल्या, हा मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो. प्रत्येक स्प्लॅट गोठताना आकसू बघतो, पण खालचा थर त्याला धरून ठेवतो, म्हणून त्याच्यात ताण राहतो. जाडी वाढेल तसा तो साठत जातो. शिवाय स्टेनलेस स्टील कार्बाइडच्या कोटिंगपेक्षा खूप जास्त प्रसरण पावतं. स्प्रे करताना जॉब जास्त तापू दिला, तर थंड होताना स्टील जास्त आकसतं आणि कोटिंग दाबलं जातं. सपाट भागावर हे पचतं. मोकळ्या धारेवर मात्र तोच ताण कोटिंगला वर उचलायला लागतो. म्हणून कोटिंग करायच्या स्लीव्हची धार तीक्ष्ण ठेवत नाहीत, तिला छोटा चॅम्फर (तिरपा काप) किंवा गोलाई देतात, आणि हवेचे झोत मारून जॉब दीडशे अंशांच्या आत ठेवतात. एचव्हीओएफमध्ये कणांच्या ठोकण्याने थरात दाबाचा ताण बसतो, तो तडे जाण्याविरुद्ध कामाला येतो. प्लाझ्मात तो फायदा मिळत नाही, म्हणून तिथे धारेची चूक लवकर उघडी पडते.

हाच कार्बाइड किती सोसू शकतो हे बघायचं तर हिमाचलमधलं नाथपा झाकरी जलविद्युत केंद्र घ्या. सतलजच्या पाण्यात क्वार्ट्झची कडक वाळू येते आणि टर्बाइनची पाती झिजवते, तिथे रनरवर एचव्हीओएफनेच टंगस्टन कार्बाइड मारतात. तुमच्या पंपाचं पाणी त्यापुढे गरीब आहे. तुमचं कोटिंग वाळूने झिजलेलं नाही, ते जोडातून सुटलं आहे. नुकसान खपल्यांचं असेल तर मी पहिला संशय ब्लास्टिंग आणि धारेवर घेईन, जळालेल्या कार्बाइडवर त्यानंतर.

कापलेल्या तुकड्याचे मायक्रोस्कोपखालचे फोटो मागवाल तर एक सांभाळा. छिद्रांचं प्रमाण पॉलिशिंगवर वाटेल तसं फिरतं. घाईने घासलं तर कार्बाइडचे दाणे उपटून निघतात आणि चांगलं कोटिंग चाळणीसारखं दिसतं. मऊ धातूचं कोटिंग असेल तर उलटं होतं, धातू फटींवर पसरतो आणि खराब कोटिंग भरीव दिसतं. तुकडा निर्वातात एपॉक्सी भरून बसवला होता का, हे विचारा. कोटिंगला गोंदाने ठोकळा चिकटवून खेचून बघण्याच्या चाचणीचा आकडा दाखवला तर तुटलं कुठे ते विचारा. गोंद तुटला असेल तर आकडा गोंदाचा आहे, कोटिंग त्याहून मजबूत आहे एवढंच कळतं.

प्लाझ्मावाल्याला तीन गोष्टी विचारा: ब्लास्टिंग आणि स्प्रे यांच्यात किती वेळ गेला, स्प्रे करताना जॉबचं तापमान कुणी मोजलं का, आणि धारेला चॅम्फर होता का. आणि खपली निघालेली स्लीव्ह फेकू नका. ती कापून घ्या, पण काप मधल्या गुळगुळीत भागातून नको, सुटलेल्या धारेतून आरपार घ्या, म्हणजे कोटिंग खालून सुटलं की स्वतःच्या पापुद्र्यांमधून, ते लगेच दिसेल.