१२० कविता, १० कथा आणि एक छोटा प्रकाशक : हस्तलिखित देण्याआधी काय करावं?

हाताशी १२० कविता आणि १० कथा आहेत, एक छोटा प्रकाशक तयार आहे, तर सगळ्याचं मिळून एकच पुस्तक करावं का, असं तुम्ही विचारलंय. करू नका. दुकानात आणि ग्रंथालयात कवितेचा कप्पा वेगळा, कथेचा वेगळा. मिश्र पुस्तक दोन्हीकडून सुटतं.

आधी कवितासंग्रह काढा आणि मोजताना कविता न मोजता पानं मोजा. डेमी आकाराचं (साडेआठ बाय साडेपाच इंच) पुस्तक १६ पानांच्या फॉर्ममध्ये (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटात) छापतात. ६ फॉर्म म्हणजे ९६ पानं. शीर्षकपान, श्रेयपान, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका यांत १०-१२ पानं जातात. प्रत्येक कविता नव्या पानावरच सुरू व्हायला हवी, म्हणजे दीड पानाची कविताही दोन पानं घेते. थोडक्यात, ५५-६० कविता निवडा. ही निवड तुम्ही केली नाही, तर फॉर्म वाढू नये म्हणून एका पानावर दोन-दोन कविता कोंबल्या जातात, आणि कवितेभोवतीची मोकळी जागा गेली की तिचा श्वासच जातो. (डिजिटल छपाईत १०० प्रतीही निघतात, फॉर्मचं बंधन सैल होतं, पण प्रतीमागे खर्च वाढतो.) ऑफसेटचं (मोठ्या शीटवरच्या नेहमीच्या छपाईचं) अंदाजपत्रक तपासायचं असेल तर हिशेब सोपा आहे : डबल डेमी या मोठ्या कागदाच्या एका शीटमधून ३२ पानं, म्हणजे ९६ पानांच्या एका प्रतीला ३ शीट आणि ५०० प्रतींना १५०० शीट, ३ रीम (एका रीममध्ये ५०० शीट). वर थोडी नासाडी धरा.

सर्वांत जास्त घोळ ओळींचा होतो. डेमी पानावर १२ पॉइंटात साधारण ४० अक्षरं मावतात. त्याहून लांब ओळ आपोआप तुटते आणि तुटलेला तुकडा स्वतंत्र ओळ वाटतो. तो पुढच्या ओळीत आत सरकवून लावायला सांगा. कडवं पानाच्या तळाशी संपत असेल, तर पुढच्या पानावर नवं कडवं आहे की तेच चालू आहे, हे वाचकाला कळत नाही; तिथे एक-दोन ओळी वरखाली करून घ्या. मजकूर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. म्हणून रूपांतरानंतरचं पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी अक्षरशः ताडून बघा, नुसतं वाचू नका.

कथांचं गणित सरळ आहे. पानावर २७०-२८० शब्द धरले, तर दहा कथांच्या मिळून समजा २५,००० शब्दांना ९० पानं. प्रत्येक कथेची सुरुवात आणि शेवट अर्धं पान रिकामं ठेवतात, म्हणून ७ फॉर्म धरा.

करार लेखी करा. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरतात; क्षेत्र लिहिलं नसेल तर भारत. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद यांचे हक्क एकाच वाक्यात ‘सर्वाधिकार’ म्हणून देऊन टाकू नका. प्रत्येकाचं वेगळं कलम हवं.

पहिलं पुस्तक असल्याने महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही बघा, पण छपाईला देण्याआधी : तिथे हस्तलिखित पाठवायचं असतं, छापलेलं पुस्तक नव्हे.